सत्त्याऐंशीचा संघ

कॉलेज बंद पडलं, त्या मैदानात आता सोयाबीन आहे.
तरी मार्चातला एक शनिवार आम्ही राखून ठेवतो,
प्लॅट नदीच्या वाळूवर क्रौंच उतरतात त्या आठवड्यातला.
आमच्या संघाचं नावही क्रौंचच होतं.

ऑर्विल टिचनरच्या हार्डवेअर दुकानामागची खोली.
बसायला रंगाचे डबे.
टेबलावर कॅसेटी, पाठीवर निळ्या शाईत साल,
आणि मत द्यायला प्रत्येकी एक वॉशर, अर्ध्या इंचाचा.
ज्या वर्षाचा संघ पाहायचा त्या वर्षावर ठेवायचा.

डेलमार म्हणतो, नव्वद.
दहापैकी दहा जिंकले, आणखी काय पाहिजे?
रोवीना म्हणते, जिंकणार हे माहीतच आहे तर पाहायचं काय,
पोट भरल्यावर मेनूकार्ड वाचतोस का तू?
तिला ब्याण्णवचा हवा, चिखलातला,
ज्यात आपला कोण नि त्यांचा कोण
हे चालण्यावरून ओळखावं लागतं.
म्हाताऱ्या कुचेराला चौऱ्याण्णव.
संघाशी त्याचं देणंघेणं नाही,
मध्यंतराला बँड येतो, बँडमध्ये त्याची मुलगी,
तिच्याहून मोठा तिचा ट्यूबा.
तेवढ्यासाठी तो दोन तास हेल्मेटांची टकराटकर सोसतो
आणि वेळ आली की चष्मा पुसतो.

लायल स्टकी दाराशी उभा असतो.
प्रोपेनचा ट्रक चालवतो, हिवाळ्यात आमची घरं त्याच्यावर जगतात.
त्याला वॉशर देतो आम्ही, द्यायचा म्हणून.
तो खिशात टाकतो नि घरी जातो.
आणि त्याच्या देखत सत्त्याऐंशी कुणी उच्चारत नाही.

यंदा तो टेबलापाशी आला.
खिशातून वॉशर काढले, एक, दोन,
मग काढतच राहिला.
अकरा वर्षांचे अकरा.
सत्त्याऐंशीवर त्यानं त्यांची चळत रचली,
सरळ, एकावर एक,
जणू पैसे मोजून चुकते करतोय.

असं चालतं का, हे डेलमारच्या ओठांवर आलं होतं.
रोवीनानं त्याच्या पायावर पाय दिला.

ऑर्विलनं कॅसेट लावली.
त्याच्या भावानं स्टँडच्या वरच्या पायरीवरून घेतलेली,
हात थरथरतोय, वारा माइकमध्ये घोंघावतोय.
बारा-चौदा. तीन सेकंद. एकतीस यार्ड.
एक केसाळ पोरगा गवत उपटून हवेत सोडतो,
गवत कुठं जातं ते पाहतो.
दोन पावलं. लाथ.
चेंडू कॅमेऱ्याच्या वर निघून जातो
आणि भावाची बॅटरी संपते.

निळा पडदा.
आत गेला का? कुचेरानं विचारलं.
तो अलीकडे विसरतो.

खांबाला लागला, लायल म्हणाला, डावीकडच्या.
हे वाक्य त्यानं इतक्या सहज म्हटलं
की आम्हीच डब्यांवर चुळबुळलो.
मग त्यानं रिमोट घेतला, मागं नेलं,
चित्र थांबवलं. पडद्याजवळ गेला.
वंगणाच्या बोटानं काच पुसल्यासारखं करत म्हणाला,
हा मर्ल. खांदा निखळलेला होता, कुणाला सांगितलं नाही.
हा ॲम्ब्रोझ, याच्यासमोर त्यांचा तो रेडा.
हे दोघं शिफर बंधू. हा टोबायस, वर्षभर बाकावर होता.
चेंडू धरणारा हा ग्रेडी. बघा, शिवण पुढच्या बाजूला,
अंधारातही चुकला नसता.
दहाच्या दहा नावं घेतली. एकही जागचा हलला नव्हता.
माझ्यामुळं यांना कधी कुणी पाहिलंच नाही, म्हणाला,
आणि पुन्हा दाराशी जाऊन उभा राहिला.

बाहेर क्रौंचांचा कलकलाट, शेतावरून शेतावर.
ऑर्विल बटण दाबणार तेवढ्यात
रोवीनानं डबा पुढं ओढला.
तिथून नको, म्हणाली.
पहिल्यापासून लाव.